मेलानोमा आणि कूर्चा: एकाच प्रथिनाची दोन घरं

कोंबडीची तंगडी खाऊन झाली की हाडाच्या टोकाशी एक पांढरट, चकचकीत टोपी उरते. कुणी ती ताटाच्या कडेला काढून ठेवतं, कुणी मुद्दाम कुरकुर चावून खातं. त्या टोपीवरून बोट फिरवून पाहा. ओल्या काचेवरून फिरल्यासारखं सरकतं. हीच कूर्चा. आपल्या गुडघ्यात, खुब्यात, बोटांच्या पेरांत हाडांच्या टोकांवर अशीच टोपी असते, म्हणून हाडावर हाड घासत नाही. नाकाचा शेंडा हाताने वाकवला तरी परत जागेवर येतो, तोही कूर्चेमुळेच.

आता कूर्चेशी काही संबंध नसलेली वाटेल अशी दुसरी गोष्ट. मेलानोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. एखादा तीळ आकार बदलू लागतो, त्याच्या कडा वेड्यावाकड्या होतात, रंग जागोजागी वेगळा दिसू लागतो. हा आजार लवकर सापडला आणि गाठ कापून काढली तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. पण त्याच्या पेशी मूळ जागा सोडून लसिकाग्रंथी, फुप्फुस, यकृत, मेंदू अशा ठिकाणी पोचल्या की उपचार फार अवघड होतात. मेलानोमाची खरी भीती त्याच्या या फिरस्तेपणात आहे.

गुळगुळीत कूर्चा आणि फिरस्ता मेलानोमा या दोन्ही ठिकाणी एकच छोटं प्रथिन तयार होतं. पेशी ते आत न ठेवता बाहेर सोडते, म्हणून त्याला स्रवणारं प्रथिन म्हणायचं. त्याचं नाव एमआयए, म्हणजे मेलानोमा इनहिबिटरी अ‍ॅक्टिव्हिटी. शब्दशः अर्थ घेतला तर 'मेलानोमाला रोखण्याची क्रिया'. हे नाव दिशाभूल करतं, आणि ती दिशाभूल कशी झाली हे समजलं की प्रथिनाचं कामही समजतं. म्हणून सुरुवात नावापासून करतो.

नाव कसं पडलं

प्रयोगशाळेत माणसाच्या गाठीतल्या पेशी प्लास्टिकच्या चपट्या बशीत वाढवतात. त्यांच्यावर गुलाबीसर रंगाचं पोषक द्रव असतं. सूक्ष्मदर्शकाखाली मेलानोमाच्या पेशी बशीच्या तळाला घट्ट चिकटून, हातपाय पसरून बसलेल्या दिसतात. काही दिवसांनी हे द्रव बदलावं लागतं. जुन्या द्रवात पेशींनी स्वतः बाहेर टाकलेले कितीतरी पदार्थ उतरलेले असतात.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या उलरिख बोगडान यांच्या गटाने हे जुनं द्रव तपासलं. त्यातला काही अंश दुसऱ्या बशीतल्या मेलानोमाच्या पेशींवर टाकला की त्यांची वाढ मंदावत होती. गाठीतल्या पेशी स्वतःच स्वतःच्या वाढीला आळा घालणारं काहीतरी सोडतात, असं चित्र समोर आलं. १९८९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातल्या एका पदार्थाचं जनुक १९९४ मध्ये वेगळं काढण्यात आलं आणि त्याला एमआयए हे नाव मिळालं. हे कर्करोगावर औषध म्हणून वापरता येईल, अशी आशाही तेव्हा संशोधकांनी मांडली होती. ती आशा भाबडी नव्हती, कारण बशीत वाढ थांबत होती हे खरंच होतं.

पण पुढे एक अडचण दिसू लागली. निरोगी त्वचेतल्या रंगपेशी हे प्रथिन तयार करत नाहीत. मेलानोमाच्या पेशी मात्र भरभरून तयार करतात, आणि आजार पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात ते जास्त सापडतं. प्रथिन गाठीला रोखणारं असेल तर सगळ्यात पसरलेल्या आजारात ते सगळ्यात जास्त कसं? मग हॅमस्टर आणि उंदरांवर प्रयोग झाले. मेलानोमाच्या पेशींना हे प्रथिन नेहमीपेक्षा जास्त बनवायला लावलं, तर त्या थांबण्याऐवजी रक्तवाहिन्यांतून जास्त बाहेर पडल्या आणि शरीरात जास्त ठिकाणी रुजल्या.

बशीत रोखणारं प्रथिन शरीरात पसरवणारं कसं निघालं, याचं उत्तर पेशीच्या पकडीत आहे.

आपल्या शरीरातली बहुतेक पेशी हवेत तरंगत नसते. तिच्याभोवती कोलॅजन, फायब्रोनेक्टिन अशा धाग्यांचं जाळं असतं. पेशीच्या पृष्ठभागावर इंटेग्रिन नावाची प्रथिनं असतात, आणि त्यांनी ती हे धागे पकडून ठेवते. एमआयए हे फायब्रोनेक्टिनला जाऊन चिकटतं, काही इंटेग्रिनांनाही चिकटतं. धागा आणि हात यांच्यामध्ये ते घुसतं आणि पकड सैल होते.

लिंगाण्यासारखा सुळका चढणाऱ्या गिर्यारोहकाकडे पाहा. तीन पकडी पक्क्या ठेवून तो चौथा हात मोकळा करतो, वर टाकतो, मग पुढची पकड. चारही हातपाय घट्ट धरून बसलेला माणूस पडणार नाही हे खरं, पण तो वरही जाणार नाही. चालणाऱ्या पेशीचंही तसंच आहे. पुढच्या कडेने तिला नवी पकड घ्यावी लागते आणि मागच्या कडेची जुनी पकड सोडावी लागते. एमआयएवरच्या संशोधनातला मला सर्वांत आवडणारा तपशील इथला आहे. मेलानोमाची पेशी हे प्रथिन चारही बाजूंनी उधळत नाही. चालताना ती ते आपल्या मागच्या टोकाकडे नेते आणि तिथे बाहेर सोडते. त्यामुळे मागची पकड सुटते, पुढची शाबूत राहते, आणि पेशी एक पाऊल पुढे सरकते.

आता बशीकडे परत येऊ. बशीतल्या पेशीला विभागण्यासाठी तळाला चिकटून राहणं गरजेचं असतं. वरून एमआयए ओतलं की सगळ्या बाजूंची पकड एकदम ढिली होते. पसरलेल्या पेशी आकसून गोल होतात आणि विभागणं मंदावतं. निरीक्षण बरोबर होतं, त्याचा लावलेला अर्थ चुकला. शरीरात जाळं चहूबाजूंनी असतं आणि एका जागी सुटलेल्या पेशीला दुसऱ्या जागी धरायला मिळतं. तिथे सुटणं म्हणजे प्रवासाला लागणं.

एमआयएचं आणखीही एक काम दिसून आलं आहे. गाठीवर चालून येणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींनाही गाठीतल्या पेशींवर पकड घ्यावी लागते, आणि त्यांची मारकशक्ती या प्रथिनाने कमी होते. म्हणजे गाठीला त्याचा दुहेरी फायदा.

दुसऱ्या घरी तेच प्रथिन

१९९६ मध्ये अमेरिकेत लिंडा सँडेल यांच्या गटाचं काम कर्करोगावर नव्हतं, कूर्चेवर होतं. त्यांचा प्रश्न असा होता: कूर्चेच्या पेशीला 'कूर्चेची पेशी' बनवून ठेवतं ते काय? त्यासाठी त्यांनी गाई-बैलांच्या सांध्यातल्या कूर्चापेशी घेतल्या. अशा पेशींना रेटिनॉइक आम्ल दिलं की त्या आपली ओळख विसरू लागतात. रेटिनॉइक आम्ल म्हणजे अ जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारा एक पदार्थ. त्याच्या प्रभावाखाली कूर्चापेशी कूर्चेचं खास द्रव्य बनवणं सोडून देते. तेव्हा आम्ल दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींत कोणती जनुकं चालू आहेत याची तुलना केली, की आम्लामुळे कोणती बंद पडली ते कळतं. अशा बंद पडणाऱ्या जनुकांपैकी एका जनुकाचं प्रथिन त्यांनी ओळखलं आणि त्याला सीडी-रॅप असं नाव दिलं. त्या लांबलचक नावाचा अर्थ एवढाच, की कूर्चेत सापडलेलं आणि रेटिनॉइक आम्लाला प्रतिसाद देणारं प्रथिन.

दोन्ही प्रथिनांतल्या अमिनो आम्लांची क्रमवारी जुळवली तर ते जर्मनीतलं एमआयएच निघालं. तेव्हापासून शास्त्रीय लेखांत ते बरेचदा दोन्ही नावं जोडून लिहिलं जातं.

दोन घरांना जोडणारा धागा शोधायला गर्भात जावं लागतं. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत पाठीकडच्या बाजूला एक पट्टी दुमडून नळी बनते, तिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. त्या दुमडीच्या काठावर पेशींचा एक समूह असतो, न्यूरल क्रेस्ट. स्विस शास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये कोंबडीच्या गर्भात तो प्रथम नोंदवला. या पेशी एका जागी थांबत नाहीत, काठ सोडून शरीरभर चालत जातात. काही त्वचेत पोचून रंगपेशी होतात. काही चेहऱ्याकडे जाऊन तिथली हाडं आणि कूर्चा घडवतात. म्हणजे त्वचेचा रंग आणि नाकाची कूर्चा यांचं माहेर एकच. हातापायांची कूर्चा मात्र गर्भाच्या दुसऱ्या थरातून येते, तेव्हा ही गोष्ट सगळ्या कूर्चेला लागू पडत नाही.

जनुकांच्या पातळीवर नातं आणखी जवळचं आहे. कूर्चा घडवणारं मुख्य जनुक सॉक्स-९. ते एमआयएचं जनुक चालू करतं, हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं. मेलानोमात सॉक्स-९ चा भाऊ सॉक्स-१० हेच काम करतो. २०१४ मधल्या अभ्यासात सॉक्स-१० कमी केल्यावर एमआयए कमी झालं आणि पेशींचं आत घुसणं मंदावलं. निरोगी रंगपेशीतही सॉक्स-१० असतंच, तरी तिथे एमआयए गप्प असतं, कारण त्याला लगाम घालणारी इतर प्रथिनं तिथे असतात. सीटीबीपी-१ हे त्यांतलं एक. मेलानोमात ते कमी झालेलं असतं.

कूर्चेत एमआयए काय करतं हे कळण्यासाठी आधी कूर्चा कशी बनते ते पाहू. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, नसाही नसतात. प्रौढ माणसाच्या सांध्यातल्या कूर्चेत पेशींचा वाटा अगदी थोडा, काही टक्केच. बाकी सगळं पेशींनी स्वतःभोवती विणलेलं जाळं: कोलॅजनचे धागे आणि त्यांच्यात पाणी धरून ठेवणारे स्पंजासारखे रेणू. गर्भात हातापायांची लांब हाडं थेट हाड म्हणून बनत नाहीत. आधी कूर्चेचा साचा तयार होतो, मग त्याचं हाड होतं. साचा बनवण्यासाठी सुरुवातीच्या कोवळ्या पेशी एकत्र गोळा होतात, आणि त्यांनी 'आपण कूर्चा होणार' असं ठरवलं की एमआयए दिसू लागतं. मूळ पेशींवरच्या (स्टेम सेल) प्रयोगांत, वाढीच्या इतर घटकांसोबत एमआयए दिलं की त्या पेशी कूर्चेच्या वाटेवर टिकून राहतात आणि हाडाच्या वाटेला कमी वळतात.

एवढं वाचून वाटेल की हे प्रथिन काढून टाकलं तर सांगाडाच उभा राहणार नाही. राइनहार्ड ब्युटनर, आन्या बोसरहॉफ, लिंडा सँडेल आणि इतरांनी मिळून असे उंदीर तयार केले आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदीर जन्मले, वाढले, त्यांना पिल्लंही झाली. नुसत्या डोळ्यांना सांगाडा नेहमीसारखाच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र कूर्चेतल्या कोलॅजनच्या धाग्यांची जाडी, दाटी आणि मांडणी बिघडलेली दिसली. मागावर ताणा नीट लावला नाही तरी कापड विणून होतं, पण हातात घेतल्यावर पोत वेगळा लागतो, तसं. एमआयए कूर्चा उभी करत नाही, तिची वीण नीटनेटकी ठेवतं.

रेणू म्हणून ते कसं आहे

पेशीत प्रथम १३१ अमिनो आम्लांची साखळी बनते. पहिली २४ म्हणजे पत्ता: 'हा माल बाहेर पाठवायचा आहे'. बाहेर जाताना पत्ता कापला जातो आणि १०७ अमिनो आम्लांचं प्रथिन उरतं. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात, म्हणजे हे त्याच्या साधारण दुप्पट. माणसात त्याचं जनुक १९ व्या गुणसूत्रावर आहे.

२००१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी त्याची त्रिमितीय रचना उलगडली. घडी ओळखीची निघाली: एसएच-३ नावाची. ही घडी कितीतरी प्रथिनांत असते, पण ती पेशीच्या आत निरोप पोचवणारी प्रथिनं असतात. पेशीबाहेर फिरणाऱ्या प्रथिनात ही घडी पहिल्यांदाच दिसली. बाहेरच्या खडतर वातावरणात ती उकलू नये म्हणून तिला गंधकाच्या दोन बंधांचे टाके घातलेले आहेत. आतल्या एसएच-३ ज्या जागी आपला साथीदार पकडतात, ती पकड मात्र इथे नाही. घडी तीच, पण काम वेगळं.

एमआयएशी मिळत्याजुळत्या प्रथिनांच्या कुटुंबातल्या एका भावंडाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. टँगो-१ हे प्रथिन बार्सिलोनात काम करणाऱ्या विवेक मल्होत्रा यांच्या गटामुळे प्रकाशात आलं. कोलॅजन हा पेशीतला सगळ्यात लांबलचक माल. पेशीतून बाहेर जाणाऱ्या नेहमीच्या पिशव्यांत तो मावत नाही. टँगो-१ पिशवीच्या दाराशी उभं राहून तो आत चढवतं, हे २००९ मध्ये त्यांनी दाखवलं. टँगो-१ ची एसएच-३ सारखी घडी याच कामात भाग घेते. एक भावंड कोलॅजन बाहेर पाठवतं, दुसरं बाहेर गेलेल्या कोलॅजनची वीण सांभाळतं.

रक्ततपासणी आणि आपले तळपाय

हे प्रथिन पेशीबाहेर सोडलं जात असल्याने रक्तात मोजता येतं. १९९७ पासून मेलानोमाच्या रुग्णांत ते मोजण्यावर बरंच काम झालं. आजार लसिकाग्रंथींपर्यंत किंवा त्यापुढे गेलेल्या अनेक रुग्णांत पातळी वाढलेली असते. उपचारानंतर ती उतरली आणि पुन्हा चढू लागली तर डॉक्टर आजार परतल्याची शंका घेतात.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. अहवालात 'मेलानोमा इनहिबिटरी अ‍ॅक्टिव्हिटी वाढलेली' असं वाचून, शरीर कर्करोगाला रोखतंय असा अर्थ कुणीही काढू नये. इंटरनेटवर नावाचा शब्दशः अर्थ शोधणाऱ्या नातेवाइकांचं असं होऊ शकतं. वाढलेला आकडा चांगली बातमी नाही. आणि तो एकट्याने मेलानोमाचं निदानही नाही. वाढत्या मुलांत आणि गरोदरपणाच्या शेवटच्या काळात हा आकडा आजाराशिवायही जास्त असू शकतो. सांध्यांच्या काही आजारांत, कूर्चेच्या गाठींतही तो बदलतो, आणि दुसरं घर माहीत असल्यावर त्यात नवल वाटत नाही. म्हणूनच ही तपासणी निरोगी माणसाने 'एकदा करून टाकू' म्हणून करण्याची नाही. पसरलेल्या मेलानोमाची पायरी ठरवताना एमआयए नाही, तर रक्तातल्या एलडीएच या विकराची (एन्झाइमची) पातळीच अधिकृत वर्गीकरणात धरली जाते.

आपल्याकडे मेलानोमा गोऱ्या कातडीच्या देशांच्या मानाने दुर्मिळ आहे, त्यामुळे त्याची आठवणच होत नाही. सावळ्या आणि काळ्या त्वचेत तो होतो तेव्हा बरेचदा उन्हाशी संबंध नसलेल्या जागी होतो: तळपायाला, तळहाताला, नखाखाली. तळपायावरचा काळा डाग कुरूप किंवा भोवरी समजून कापला जातो, नखाखालची काळी रेघ ठेच लागली म्हणून सोडून दिली जाते. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ मध्ये असाच मेलानोमा सापडला, आणि १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. नखासोबत पुढे न सरकणारी, रुंद होत जाणारी काळी रेघ, किंवा तळव्यावरचा वाढणारा डाग दिसला की त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचा. ब्लेडने घरी कापायचा नाही.

प्रथिन अडवलं तर

प्रसार वाढवणारं प्रथिन म्हणजे औषधासाठी चांगलं लक्ष्य. एमआयए जोडीने काम करतं: दोन रेणू एकमेकांना चिकटले तरच ते आपलं काम करू शकतं. २०१२ मध्ये बोसरहॉफ यांच्या गटाने एआर-७१ नावाचा छोटा रेणू दाखवला, जो ही जोडी जमू देत नाही. उंदरांत त्यामुळे मेलानोमाचा फैलाव कमी झाला. रुग्णांसाठीचं औषध त्यातून अजून आलेलं नाही.

मेलानोमात प्रथिन अडवलं तर कूर्चेचं काय, हा प्रश्न इथे साहजिकच येतो. १७४३ मध्ये लंडनला विल्यम हंटर यांनी लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की भरून येत नाही, आणि गुडघेदुखीचे रुग्ण आजही त्याच वाक्याशी झगडतात. म्हणून एमआयए नसलेल्या उंदरांच्या कूर्चेला इजा केल्यावर हाल होतील असं वाटेल. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत उलटंच दिसलं. त्यांची कूर्चा नेहमीच्या उंदरांपेक्षा चांगली भरून आली. एमआयए नसल्याने त्यांच्या कूर्चापेशी प्रौढ व्हायला उशीर लावत होत्या, आणि तेवढ्या काळात जास्त विभागून खड्डा भरत होत्या.